बेडकाची जात कोणती?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. त्याच सुमारास बाहेर दुसऱ्याच कोणाची सभा भरलेली असते. दमदार पाऊस झाला, नाल्याला पाणी आले, वावरात डबकी साचली की बेंडकं ओरडू लागतात. चिखली असो, मेहकर असो की पूर्णेकाठचे नांदुरा-मलकापूर असो, वाचन आटोपून घरी निघालेल्या बायामाणसांच्या कानावर हा आवाज पडतोच. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे असा नियम तथागतांनी केला. त्याचे कारण विनयात दिले आहे. पावसात उगवलेले हिरवे अंकुर आणि बारीकसारीक जीव फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. अशा बारीकसारीक जीवांतल्याच एकाची ही हकिगत आहे.

हा बेडूक आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकातही भेटतो. सजीवांचे वर्गीकरण शिकताना सात शब्द पाठ करावे लागतात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शेवटच्या शब्दाला आपल्या घरातला अभ्यास जरा अडखळतो. बेडकालाही जात असते का, असे पोरगी आईला विचारते. आई म्हणते, असंल बाई, पुस्तकात हाये तर. प्रश्न मोलाचा आहे आणि त्याला पुरे उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर असे की बेडकाला जात असते, माणसाला नसते.

शास्त्रात जाती कशाला म्हणतात? ज्या जिवांचे आपसात मीलन होते आणि त्यातून झालेली संतती पुढे वंश चालवू शकते, ती ढोबळमानाने एक जाती. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळे. बेडकांत ही निवड पुष्कळदा आवाजावर होते. एकाच डबक्यात चार जातींचे नर ओरडत असतात, आणि मादी त्या गोंगाटातून नेमका आपल्या जातीचा आवाज ओळखून तिकडे जाते. आपल्याला सगळे डराव डराव वाटते, तिला नाही.

आपल्या भागात कोणकोणते बेडूक दिसतात ते मोजायला लागा. पहिला तो मोठा, पिवळट हिरवा, पाठीवर पट्टे असलेला. पहिल्या मोठ्या पावसात याचे नर एकदम पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. दुसरा भेक, म्हणजे टोड. खरखरीत अंगाचा, उड्या कमी मारणारा, वस्तीतल्या दिव्याच्या खांबाखाली किडे टिपत बसणारा. तिसरा पाण्यावर नुसते डोळे काढून तरंगणारा आणि चाहूल लागली की पाण्यावरून टणाटण पळणारा. चौथा मागच्या पायाने माती उकरत उलटा जमिनीत घुसणारा. पाचवा न्हाणीच्या भिंतीला चिकटलेला, बोटांना चकत्या असलेला झाडबेडूक. सहावा बोटाच्या पेराएवढा, पण त्याचा आवाज असा की हा केवढा तरी मोठा असावा असे वाटते. भेकाला हात लावला की चामखीळ होते हा समज मात्र साफ खोटा आहे. त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींतून विषारी चीक निघतो, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत, एवढेच.

आता यांचे नाते लावायचे झाले तर आपण काय करू? भेक आणि मोठा बेडूक एका डबक्याच्या काठी राहतात, म्हणजे जवळचे. झाडबेडूक वेगळा दिसतो, म्हणजे लांबचा. शास्त्राने रक्ताचे नाते, म्हणजे पेशींतली डीएनए तपासली तेव्हा हा हिशेब उलटा निघाला. न्हाणीतला झाडबेडूक आणि वावरातला पट्ट्यांचा बेडूक हे एका घराण्यातले. बोटाच्या पेराएवढा तो छोटा त्यांचा चुलत. भेक मात्र फार लांबचा. त्याचे घराणे या सगळ्यांपासून दहा कोटी वर्षांच्याही आधी वेगळे झाले. दक्षिण अमेरिकेत झाडावर राहणारे जे बेडूक आहेत ते दिसायला आपल्या झाडबेडकासारखे, पण नात्याने आपल्या भेकाच्या जवळचे. झाडावर राहायचे तर बोटांना चिकट चकत्या लागतातच. त्या दोघांनाही आपापल्या जागी आल्या. शेजारावरून आणि रूपावरून नाते ठरवले की माणूस फसतो.

म्हणूनच बेडकांची नावे बदलत गेली. आपल्या पिढीतल्या ज्यांनी अकरावी-बारावीला विज्ञान घेतले त्यांनी मोठ्या बेडकाचे नाव राना टायग्रिना असे पाठ केले आणि मेणाच्या तबकात त्याला टाचण्या मारून फाडलाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून ही चिरफाड टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली. तोच बेडूक आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणून ओळखला जातो. भेकाचे जुने नाव बुफो. जगभरच्या निरनिराळ्या भेकांना एकाच बुफो नावात कोंबले होते. २००६ साली मोठे संशोधन होऊन ते वेगळे काढले गेले, आणि आपल्या भेकाच्या प्रजातीला डट्टाफ्रायनस हे नाव मिळाले. हे नाव ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्यावरून दिलेले आहे. वस्तीच्या दिव्याखाली बसणारा प्राणी एका भारतीय संशोधकाचे नाव मिरवतो, हे मुलांना जरूर सांगावे.

नावे बदलतात म्हणून शास्त्र कच्चे, असे काही लोक म्हणतात. मला उलट वाटते. पुरावा आल्यावर जे बदलते तेच विश्वास ठेवण्याजोगे. पोथीतले वर्गीकरण हजारो वर्षे बदलले नाही, त्याचे फळ आपण भोगले.

मुंबईच्या वरळीतला एक बेडूक तर तीन नावे बदलून बसला आहे. वरळी म्हटले की आपल्याला बीडीडी चाळी आठवतात. आपल्या समाजाच्या कित्येक कुटुंबांनी तिथे संसार केले, गिरण्यांत घाम गाळला. त्याच वरळीच्या टेकडीच्या खडकात लहान लहान बेडकांचे सांगाडे दगड होऊन पडले होते. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि नाव दिले राना पुसिला. पुसिला म्हणजे छोटासा. डायनोसॉर हा शब्द तयार करणारे ते हेच ओवेन. १८६९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या स्टोलिच्का यांनी हाडे पुन्हा तपासली आणि त्याला दुसऱ्या प्रजातीत टाकले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले नोबल म्हणाले, हा यातला कोणीच नाही. याचे साम्य आजच्या भारतीय बेडकांपेक्षा ऑस्ट्रेलियाकडच्या बेडकांशी आहे. त्यांनी नाव दिले इंडोबॅट्रॅकस, म्हणजे भारतीय बेडूक. त्याच्या नात्याचा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

वरळीचा आणि बुलढाण्याचा संबंध काय? संबंध खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून पातळ लाव्हा बाहेर आला. एक पूर आला, थंड झाला. काही काळाने त्यावर दुसरा आला. आज पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. ज्यांनी विहिरी खंदल्या, ज्यांनी रस्त्यासाठी खडी फोडली, त्या आपल्या लोकांना हा काळा पत्थर भूगर्भशास्त्रज्ञांइतकाच ओळखीचा आहे. वरची काळी कपाशीची माती याच पत्थराची झालेली. खंदताना दोन कठीण थरांच्या मध्ये मऊ किंवा लाल मातीचा पट्टा लागतो तो दोन पुरांमधल्या विश्रांतीचा काळ. त्या विश्रांतीत तळी साचत, झाडे उगवत, बेडूक ओरडत. मग पुढचा पूर येऊन सगळे झाकून टाकी. वरळीचे बेडूक अशाच एका मधल्या थरातले आहेत. याच पत्थरावर पुढे लोणारला उल्का आदळली आणि १.८ किलोमीटर रुंदीचे विवर झाले.

याच काळात जगभर मोठा संहार झाला. आजच्या मेक्सिकोत अवाढव्य उल्का पडली, इथे लाव्हा वाहत होता, आणि डायनोसॉर नाहीसे झाले. बेडकांचे काय झाले? २०१७ मध्ये चीन आणि अमेरिकेच्या संशोधकांनी १५६ जातींच्या बेडकांची ९५ जनुके ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की आजच्या जगातल्या बेडकांच्या शंभरांतल्या ८८ जाती फक्त तीन घराण्यांतून आल्या, आणि ही तीनही घराणी त्या संहारानंतर झपाट्याने फैलावली. मोठे प्राणी गेले, जागा रिकामी झाली, जंगले पुन्हा वाढली. जे छोटे जिवंत राहिले त्यांनी ती जागा भरली. आणि हे तीनही वंश पाहायला परदेशी जायला नको. भेक एका वंशाचा, पट्ट्यांचा बेडूक आणि झाडबेडूक दुसऱ्या, तो पेराएवढा छोटा तिसऱ्या. तिन्ही आपल्या बांधावर ओरडतात.

त्या संहाराच्याही आधीचा एक वंश अजून भारतात जिवंत आहे. केरळात इडुक्की जिल्ह्यात जांभळ्या रंगाचा, फुगलेल्या अंगाचा, टोकदार नाकाचा एक बेडूक सापडला. वर्षभर जमिनीखाली वाळवी खातो, पहिल्या पावसात थोडे दिवस वर येतो. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉसुइट यांनी त्याला नाव दिले नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, म्हणजे सह्याद्रीचा नाकवाला बेडूक. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक कुठे निघाले? हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर, हजारो किलोमीटर दूर.

आता बेडूक समुद्र ओलांडून जाईल कसा? त्याची कातडी पातळ आणि ओली. तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो, आणि श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. खारे पाणी बहुतेक बेडकांना मारक. दूर समुद्रात उगवलेल्या बेटांवर बेडूक नसतात ही गोष्ट डार्विनने १८५९ च्या ग्रंथातच नोंदवली होती. म्हणजे बेडूक गेला नाही, जमीनच गेली. भारत, सेशेल्स आणि मादागास्कर हे एके काळी जोडलेले होते, ते फुटले आणि दूर वाहत गेले. सेशेल्स आपल्यापासून तुटले तेही लाव्हाच्या त्याच काळात. दोन भाऊ फाळणीत दोन बाजूंना राहावेत तसे हे झाले.

आणखी मागे गेलो तर? मादागास्करमध्ये सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा एक बेडकासारखा प्राणी दगडात सापडला आहे. त्याला आखूड शेपूट होती. त्याच्याही मागे, कॅनडाच्या बर्फाळ भागात ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा टिक्टालिक नावाचा मासा मिळाला, ज्याच्या परांत मनगटासारखी हाडे आहेत. पाण्यातून जमिनीवर येणाऱ्यांची ती वाट. तिथून चार पायांचे प्राणी झाले आणि सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या दोन फांद्या झाल्या. एका फांदीवर बेडूक, दुसरीवर साप, पाखरे, गाय, माकड आणि आपण. बेडूक हा आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद आहे. त्याच्या पुढच्या पायाला चार बोटे आहेत, मागच्याला पाच. कोपर आहे, गुडघा आहे. मुलांना दाखवा.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. १९२० मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती: मजल्यावर मजले, पण एकातून दुसऱ्यात जायला शिडी नाही. सजीवांचे वर्गीकरणही पुष्कळांना असाच मनोरा वाटतो. खाली किडा, वर बेडूक, सर्वांत वर माणूस. तसे ते नाही. ते विहाराच्या अंगणातल्या पिंपळासारखे आहे. आजचा बेडूक आणि आजचा माणूस ही दोन्ही टोकाचीच पाने, वेगवेगळ्या फांद्यांची. कोणते पान उच्चकुलीन, असे कोणी विचारत नाही.

वर्गीकरणाचा पाया घालणारे स्वीडनचे लिनियस यांना मात्र हे सुचले नाही. १७५८ च्या ग्रंथात त्यांनी बेडूक, साप, सरडे सगळे एका वर्गात घातले आणि हे थंड, घाणेरडे, किळसवाणे प्राणी आहेत असे चक्क लिहून ठेवले. किळस ही काय शास्त्राची कसोटी झाली? त्याच ग्रंथात त्यांनी माणसांचेही गट पाडले, आणि युरोपी माणूस कायद्याने चालतो, आफ्रिकी माणूस लहरीने, असे गुण-अवगुण चिकटवले. बेडूक आणि साप पुढच्या शास्त्रज्ञांनी वेगळे केले. माणसांतले ते गटही शास्त्राने मोडीत काढले: होमो सेपियन्स ही एकच जाती. लिनियसची वर्गीकरणाची पद्धत राहिली, त्यांची किळस गेली.

आपल्या देशात किळसेचेच शास्त्र केले होते. जातिव्यवस्था ही वंशाची विभागणी आहे, रक्त शुद्ध ठेवण्यासाठी आहे, असा युक्तिवाद होत असे. बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात त्याचा समाचार घेतला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे; मग वंश वेगळा कुठे राहिला, असा त्यांचा मुद्दा.

आणि त्याच्याही अडीच हजार वर्षे आधी हेच झाले आहे. सुत्तनिपातातले वासेट्ठ सुत्त पाहावे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद होतो की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. ते तथागतांकडे जातात. तथागत उत्तर कसे देतात? ते आधी निसर्ग दाखवतात. गवत आणि झाडे, किडे-मुंग्या, चार पायांचे लहानमोठे प्राणी, पोटावर सरकणारे साप, पाण्यातले मासे, आकाशातली पाखरे. यांच्यात जातिदर्शक खुणा आहेत, त्या जन्माने येतात. मग ते माणसाकडे वळतात आणि केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेतात. अशी खूण माणसांत कुठेच नाही. माणसांतला फरक फक्त बोलण्यातला. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर. त्या यादीत बेडूक नावाने येत नाही, पण 'जाती' हा शब्द तथागत तिथे नेमका आजच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या अर्थाने वापरतात. म्हणून पुस्तकातला तो शब्द वाचताना आपल्या मुलांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. शब्दाचा खरा अर्थ पुस्तकातला आहे; गावाने तो बिघडवला.

काही मंडळी सांगतात की उत्क्रांती आमच्याकडे आधीच होती, दशावतार पाहा: आधी मासा, मग कासव, मग वराह. मासा आणि कासव यांच्यामध्ये पाण्यातून जमिनीवर येणारे उभयचर कुठे आहेत? अवतारात एक देव मुद्दाम रूप घेतो; उत्क्रांतीत कोणी रूप घेत नाही, कोणी योजना आखत नाही, कारणातून कार्य होत जाते. शिवाय त्या यादीत नववा म्हणून कोणाला बसवले आहे ते आपण जाणतो, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत ते आपण नाकारलेले आहे.

याची आज गरज अशी की एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, आणि २०२३ मध्ये अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सही करून त्याचा निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. परीक्षेला किती गुण येतात एवढ्यावर तो सोडू नये.

पाऊस लांबला की अनेक गावांत अजून धोंडी निघते. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधून पोट्टे घरोघर पाणी मागत फिरतात, बायका वरून पाणी ओततात. बेडूक ओरडतो कारण हवेत ओल आली आणि त्याला अंडी घालायला पाणी मिळणार आहे. तो ओरडतो म्हणून पाऊस येत नाही. कार्याला कारण समजायचे आणि त्या बिचाऱ्याला उन्हात टांगायचे. आपल्या वस्तीत ही धोंडी येऊ देऊ नये.

बेडकाचा खरा उपयोग वावरात आहे. तो किडे खातो. परदेशी लोकांच्या ताटासाठी बेडकांच्या तंगड्या आपल्याकडून भरमसाट जात होत्या. १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. तरी नवे संकट आले ते फवारणीचे. ज्या कातडीतून बेडूक पाणी घेतो त्याच कातडीतून कपाशी-सोयाबीनवरचे औषधही घेतो. २०२३ च्या जागतिक पाहणीनुसार शंभरांतल्या सुमारे ४१ उभयचर जाती धोक्यात आहेत. आणि औषध कातडीतून शिरते ते काही बेडकाच्याच नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन रोजाने जाणारे बहुतेक आपल्यासारखेच. हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेने पाठ, आणि घरी येताच साबणाने आंघोळ. मालक देत नसेल तर मागून घ्यावे.

मुलांना बेडूक दाखवायचे असतील तर मोठ्या पावसानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री चांगल्या. बॅटरी घ्यावी, पायात बूट घालावेत कारण बेडकांमागे सापही येतो, आणि विहिरीच्या काठाशी जाऊ नये. डबक्यापासून थोडे दूर उभे राहून आधी बॅटरी बंद करावी. आवाज थांबलेले असतात ते पाचेक मिनिटांत पुन्हा सुरू होतात. किती वेगवेगळे आवाज आहेत ते बोटांवर मोजावे. चार निघाले तर चार जाती. मग उजेड पाडून त्या पिवळ्या नराचे निळे फुगे पाहावेत. ते थोडेच दिवस टिकतात.